उघडी गाडी आणि पाठीमागची कमान

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना मी बरीच भरकटले होते. ते आवरून स्मरणिकेसाठी लिहून दिलं आहे.)



या शाळेत वर्गात बोलले म्हणून मला कितीतरी वेळा बाकावर उभं केलं गेलं. आज बोलण्यासाठी मुद्दाम उभं केलं आहे. सर समोरच बसलेत, त्यामुळे जुनी सवय म्हणून हात आपोआप मागे बांधले जातायत.

संयोजकांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, कशावर बोलू? तर म्हणाले, "तू गाड्यांच्या कंपनीत आहेस ना, मग त्या फेरारी-लॅम्बोर्गिनीचं काहीतरी सांग. मागच्या वेळी आपल्या डॉक्टरनं मधुमेहावर बोलून सगळ्यांची जिलेबी ताटातच ठेवली." मी त्यांना सांगितलं, की मी गाड्या बनवत नाही. पुण्यातल्या एका कंपनीत गाड्यांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर लिहिते. पण हे खरं आहे, की त्यातली काही वर्षं माझं काम छत नसलेल्या गाड्यांसाठी होतं. तेव्हा आजचा विषय तोच, छत नसलेली गाडी. तिच्यात एवढं काय आहे की माणसं तिच्यासाठी वेडी होतात, आणि ती किती सुरक्षित असते.

तुम्ही म्हणाल, विंचूरला कुठली आली उघडी गाडी? अहो, आपलं सगळं लहानपण उघड्या गाडीतच गेलं. आधी बैलगाडी. मग कांद्याची ट्रॉली. लासलगावला कांदा विकून रात्री परत येताना रिकाम्या ट्रॉलीत गोणपाटावर आडवं पडून आकाश बघितलेलं आठवतंय? ट्रॅक्टर चालवणारे वडील पुढे, आपण मागे, आणि वर चांदण्या आपल्याबरोबर चालताहेत. डोंगरगावकडून, भरवसकडून शाळेत येणारी आपली मुलं काळी-पिवळी जीपच्या मागच्या फळीवर उभी राहून यायची आणि तीन पाटीला जीप थांबायच्या आधीच उड्या मारायची. आम्हा मुलींना आत, आजीबाईंच्या मांडीला मांडी लावून कोंबायचे. मला त्या फळीवर उभ्या राहणाऱ्या मुलांचा फार हेवा वाटायचा. वारा तोंडावर घेत येणं हे मुलांचं, आणि पदराआड बसून येणं हे मुलींचं. उघड्या गाडीचं आकर्षण म्हणजे काय, हे मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

जगातले अतिश्रीमंत लोक जे कोट्यवधी रुपये मोजून विकत घेतात, ते हेच. वारा, आवाज आणि डोक्यावरचं आकाश. बंद गाडीत ताशी शंभरचा वेग कळतही नाही. उघड्या गाडीत साठचा वेगही अंगावर येतो. इंजिनाचा आवाज, ओल्या मातीचा वास, ऊन-सावली सगळं थेट. माझ्या एका जर्मन सहकाऱ्यानं मला सांगितलं होतं, "छप्पर काढलं की माणूस परत दहा वर्षांचा होतो." मला लगेच आपली ट्रॉली आठवली.

या हौसेपुढे शहाणपण कधी कधी कसं झुकतं, याची एक गंमत सांगते. लॅम्बोर्गिनीची मुर्सिएलागो रोडस्टर नावाची गाडी होती. ताशी तीनशेच्या पुढे पळणारी. तिला पावसासाठी एक कापडी छत दिलं होतं, आणि सूचना अशी, की हे छत लावलेलं असताना ताशी १६० च्या वर जाऊ नका! म्हणजे कोट्यवधींची गाडी, आणि छत जवळपास आपल्या ताडपत्रीसारखं. पुढे फेरारीनं २०११ मध्ये ४५८ स्पायडर काढली, तिचं ॲल्युमिनियमचं छत बटण दाबलं की १४ सेकंदांत आपोआप घडी होऊन मागे जातं. आणि २०१८ मध्ये त्याच फेरारीनं मोंझा एसपी-१ अशी गाडी आणली जिला छत नाहीच, पण समोरची काचही नाही. हेल्मेट घालून चालवायची. म्हणजे फिरून फिरून माणूस पुन्हा बैलगाडीवर आला.

आता यातलं इंजिनिअरिंग बघू. घाबरू नका, गणित नाही. मी येताना दादाच्या शेडमधून द्राक्षाच्या दोन पुठ्ठ्याच्या पेट्या आणल्या आहेत. ही एक पेटी, झाकण लावून वर चिकटपट्टी मारलेली. सर, जरा इकडे येऊन ही पिळून बघता? दोन टोकं धरून, ओला टॉवेल पिळतो तसं. नाही होत ना? आता ही दुसरी, झाकण कापलेली. बघा, कशी लगेच वाकडी झाली. पुठ्ठा तोच, माप तेच. फक्त झाकण नाही. गाडीचंही अगदी असंच असतं. छत म्हणजे केवळ ऊन-पावसाचा आडोसा नव्हे. ते संपूर्ण गाडीचा पीळ अडवून धरतं. छत काढलं की खड्ड्यातून जाताना गाडी पिळवटते, दारं कुरकुरतात, आणि अपघात झाला तर तो भार घ्यायला वर काहीच उरत नाही.

म्हणून उघडी गाडी बनवणारी चांगली कंपनी काय करते? वरून जे काढलं ते खाली भरते. दाराखालच्या पट्ट्या जाड करते, तळाला आडवे दांडे घालते. त्यामुळे बहुतेक उघड्या गाड्या त्यांच्या बंद भावंडांपेक्षा जड असतात. लोकांना वाटतं उलटं. मॅक्लारेन कंपनीनं यावर वेगळा उपाय काढला. त्यांच्या १२सी गाडीत माणसं ज्या भागात बसतात तो भाग कार्बन फायबरची एकसंध परातच असते, वजन फक्त ७५ किलो. सगळी ताकद मुळात त्या परातीत. त्यामुळे छत काढल्यावरही तळाला वेगळी मजबुती द्यावी लागली नाही. उघडी गाडी बंद गाडीपेक्षा जेमतेम ४० किलो जड झाली, तीही छत हलवणाऱ्या यंत्रणेमुळे.

पण गाडी उलटली तर? तळ कितीही मजबूत असला तरी डोकं वरच आहे. इथे येते आजच्या भाषणातली मुख्य वस्तू, ती म्हणजे कमान. इंग्रजीत रोलबार म्हणतात. डोक्याच्या मागे, डोक्यापेक्षा उंच, गाडीच्या सांगाड्याला घट्ट जोडलेली पोलादी कमान. गाडी उलटली तर जमिनीला आधी कमान टेकते, डोकं नाही. १९६५ साली पोर्शनं ९११ टार्गा नावाची गाडी दाखवली, तिच्यात सीटच्या मागे रुंद कमान कायमचीच उभी होती. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येते की काय अशी त्या काळात भीती होती. पण शौकिनांना कमान आवडत नाही, आकाश तुटल्यासारखं दिसतं म्हणे. म्हणून १९८९ मध्ये मर्सिडीजनं एसएल गाडीत लपलेली कमान दिली. एरवी सीटच्या मागे गुपचूप पडलेली, आणि गाडी उलटतेय असं कळलं की ०.३ सेकंदात ताडकन उभी राहणारी. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ.

आता "गाडी उलटतेय" हे कळतं कोणाला? ते कळवायचं काम माझ्यासारख्यांच्या प्रोग्रामचं. गाडी किती वेगानं कलते आहे हे मोजणारा एक सेन्सर असतो, आडवा धक्का मोजणारा दुसरा. दर काही मिलिसेकंदांनी प्रोग्राम विचारतो, ही फक्त वळणावरची कलंड आहे, खड्डा आहे, की खरोखर उलटते आहे? चुकून खड्ड्यात कमान उडाली तर गिऱ्हाईक ओरडेल. खरी उलटताना उडाली नाही तर गिऱ्हाईक ओरडायला उरणार नाही. या दोन चुकांच्या मध्ये जी बारीक रेघ आहे, ती शोधण्यात माझी उमेदीची सहा वर्षं गेली.

मग अशा गाड्या सुरक्षित असतात का? अमेरिकेत महामार्ग सुरक्षेचा अभ्यास करणारी विमा कंपन्यांची एक संस्था आहे. तिनं २०२० मध्ये एकाच मॉडेलच्या उघड्या आणि बंद गाड्यांची तुलना प्रसिद्ध केली. उघड्या गाड्यांचे अपघात किंवा त्यातले चालकांचे मृत्यू बंद गाड्यांपेक्षा जास्त आढळले नाहीत. मात्र जे दगावले, त्यांच्यात गाडीबाहेर फेकले गेलेल्यांचं प्रमाण उघड्या गाड्यांत थोडं जास्त होतं. याचा अर्थ साधा आहे. नीट बनवलेली उघडी गाडी धोकादायक नसते. पण तिच्यात माणसाला आत धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पट्टा. बंद गाडीतसुद्धा पट्टा नसेल तर छत वाचवत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी उत्तम होती, छत होतं. मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

आणि फॉर्म्युला वनचं उदाहरण तर पोरांना माहीतच असेल. त्या गाड्या उघड्याच असतात. २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान सक्तीची झाली, तिला हेलो म्हणतात. तेव्हा रोमां ग्रोजां नावाच्या चालकानं तिला विरोध केला होता. २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनच्या शर्यतीत त्याचीच गाडी कठड्यात घुसली, दोन तुकडे झाले, पेटली. त्या कमानीमुळे डोकं वाचलं आणि हा माणूस आगीतून स्वतः बाहेर आला. दवाखान्यातून त्यानं जाहीरपणे सांगितलं, की हेलो नसती तर आज मी बोलत नसतो.

माझ्या भाच्याला 'फास्ट अँड फ्युरियस'वाला पॉल वॉकर फार आवडतो. तो गेला ३० नोव्हेंबर २०१३ ला, पोर्शच्या कॅरेरा जीटीमध्ये. ती छत काढता येणारी सुपरकारच. भाचा म्हणाला, "बघ आत्या, उघडी गाडी!" मी त्याला चौकशीत काय निघालं ते सांगितलं. ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी १३० ते १५० च्या दरम्यान होती आणि टायर नऊ वर्षं जुने होते. छताचा काही संबंध नव्हता. तेव्हा ज्यांच्या ट्रॉलीचे टायर मुलाच्या बारशापासून बदललेले नाहीत, त्यांनी घरी गेल्यावर एकदा बघा.

मैत्रिणींसाठी एक गोष्ट. इसाडोरा डंकन नावाची जगप्रसिद्ध नर्तकी होती. १४ सप्टेंबर १९२७ ला फ्रान्समधल्या नीस शहरात ती उघड्या गाडीत बसली, गळ्यात लांब रेशमी स्कार्फ. गाडी निघाली, स्कार्फ चाकात गुंतला आणि ती जागीच गेली. शंभर वर्षं होत आली. आजही आपल्या मुली मोटारसायकलवर मागे बसतात तेव्हा ओढणी चाकाशी लोंबत असते. उघड्या गाडीत वाऱ्याची मजा घ्या, पण ओढणी आधी बांधा.

मोटारसायकलचा विषय निघालाच आहे तर हेही बोलते. या देशातली खरी उघडी गाडी दुचाकी आहे. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शनं मोटारसायकलला उडवलं. मोटारसायकलवरची दोघंही तरुण इंजिनिअर होती, माझ्याच क्षेत्रातली. दोघंही गेली. त्या पहाटेनंतर माझ्या मुलीनं मला विचारलं, "आई, तू ज्या गाड्या सुरक्षित करतेस त्या फक्त आत बसणाऱ्यांसाठीच सुरक्षित करतेस का?" मला उत्तर देता आलं नाही. महागड्या गाडीची सुरक्षितता मोजताना आपण बाहेरच्याला मोजत नाही, हे खरं आहे.

आता आपल्या जिल्ह्यात या. तुम्हाला अभिमान वाटेल, की भारतातली सगळ्यात लोकप्रिय उघडी गाडी आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनते, महिंद्राची थार. २०२० मध्ये नवी थार आली, तेव्हा ती कापडी छताचीही मिळायची आणि आत लोखंडी पिंजरा होता. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले. म्हणजे उघडी गाडी आपल्याकडेही नीट बनवता येते. पण लग्नाच्या वरातीत जी दिसते ती गाडी वेगळी असते. जुनी जीप घ्यायची, गॅरेजमध्ये गॅस कटरनं छत उडवायचं, मोठे टायर लावायचे, आणि नवरदेवाला मागे उभं करायचं. ही म्हणजे माझी झाकण कापलेली पेटी. वरून काढलं, खाली काहीच भरलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल करता येत नाही, पण कायदा बाजूला ठेवा. पेटी डोळ्यांसमोर ठेवा.

इथपर्यंत मी बोलले ते संयोजकांनी सांगितलेलं. आता जे बोलणार आहे ते त्यांना विचारून ठरलेलं नाही.

आपल्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारा आपला एक मित्र आज इथे नाही. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. आठवीत माझी कंपासपेटी हरवली तेव्हा स्वतःची देऊन घरी मार खाल्लेला तो. तेरा वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीनंतर, डावणीच्या धास्तीनं पहाटेच फवारणी उरकून तो परत येत होता. मागे ब्लोअर, टाकीत अर्धं पाणी. चारीच्या भरावावर दवानं माती ओली झालेली. मागचं चाक घसरलं आणि ट्रॅक्टर उलटला.

त्या आठवड्यात मी जर्मनीत होते. एका उघड्या गाडीच्या चाचणीत आमची कमान वेळेवर उभी राहिली म्हणून सगळे टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी भावाचा फोन आला. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी एकच विचार करत होते. युरोपातल्या कोणाच्या तरी रविवारच्या फेरफटक्यासाठी मी ०.३ सेकंदात उभी राहणारी कमान बनवतेय. आणि माझ्या वर्गमित्राच्या पाठीमागे साधा लोखंडी पाइपसुद्धा नव्हता.

ट्रॅक्टर ही जगातली सगळ्यात कष्टाळू उघडी गाडी आहे. आणि सगळ्यात लवकर उलटणारी. उंच बांधणी, अरुंद चाकं, आणि अर्ध्या टाकीतलं पाणी हिंदकळून स्वतःच धक्का देतं. पुढची चाकं उचलली गेली तर पाऊण सेकंदात परतीची वेळ निघून जाते, दीड सेकंदात ट्रॅक्टर पाठीवर असतो. ब्रेक दाबायचं मनात येईपर्यंत सगळं संपतं. त्यामुळे "मी वीस वर्षं चालवतोय, मला हात बसलाय" या वाक्याला काही अर्थ नाही. त्याचाही हात बसलेलाच होता.

यावर उपाय माहीत नाही असंही नाही. स्वीडननं १९५९ साली नव्या ट्रॅक्टरला कमान सक्तीची केली, आणि ट्रॅक्टरखाली सापडून मरणारे शेतकरी तिथे पुढच्या काही दशकांत जवळजवळ संपले. सेन्सर नाही, प्रोग्राम नाही, माझ्यासारखी इंजिनिअर लागत नाही. एक कमान आणि एक पट्टा.

मग आपल्याकडे का नाही? गेल्या दिवाळीत माहेरी आले तेव्हा हे कळलं. आमच्या नव्या छोट्या ट्रॅक्टरला कंपनीनं कमान दिली होती. ती मोटारीच्या खोलीमागे भिंतीला टेकवून ठेवलेली, वर दोडक्याचा वेल चढलेला. मी दादावर चिडले. दादा शांतपणे म्हणाला, "अगं, मांडवाला अडकते. एकेक तार तोडत जाऊ का?" आणि त्याचं बरोबर होतं. द्राक्षाच्या मांडवाखालून उंच कमान जात नाही. हे स्वीडनच्या गव्हाच्या शेतात बसून कळणार नाही, आणि पुण्याच्या ऑफिसात बसून मलाही कळलं नव्हतं. माझा राग तिथेच गळला. आम्ही दोघांनी वेल सोडवला, दोडके वहिनीनं भाजीला घेतले, आणि कमान नीट बघितली तर तिला मध्ये बिजागरी होती. दुमडती कमान होती ती! शोरूममध्ये कोणी सांगितलंच नव्हतं. मांडवात शिरताना दुमडायची, बाहेर आलं की उभी करून खिळ घालायची.

एक तास लागला बसवायला. दादा अजूनही कुरकुरतो, पण उभी करतो. भाचा आठवण करून देतो.

म्हणून मित्रांनो, आज तुमच्यासमोर ही उघड्या गाडीची सगळी कथा सांगितली. गाडी फेरारी असो की फवारणीचा ट्रॅक्टर, नियम एकच. वरचं छत काढलंत तर पाठीमागे कमान हवी आणि कमरेला पट्टा हवा. श्रीमंताच्या हौसेला हे मिळतं. शेतकऱ्याच्या कामाला तेवढं तरी मिळायला हवं.

सर, तुम्ही प्रत्येक तासाच्या शेवटी गृहपाठ द्यायचात. आज तुमच्या परवानगीनं मी देते.

पहिला, घरी जाऊन ट्रॅक्टरची कमान कुठे आहे ते शोधा. असेल तर बसवा. नसेल तर तुमच्या मॉडेलची, चाचणी झालेली कमान ट्रॅक्टर कंपनीच्या विक्रेत्याकडे मागा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पाइप वाकवून घेऊ नका. तो पाइप बघायला तसाच दिसतो, पण भार घेतात ते बोल्ट आणि जोड, आणि ते तपासलेले नसतात.

दुसरा, कमान उभी असेल तर पट्टा लावाच. पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि तीच कमान त्याच्यावर येऊ शकते. पण कमान दुमडलेली असेल, किंवा नसेलच, तर पट्टा लावू नका. तेव्हा पट्टा तुम्हाला ट्रॅक्टरखाली धरून ठेवील. हे उलटसुलट वाटतं, म्हणून पुन्हा सांगते. कमान उभी, तर पट्टा. कमान आडवी, तर पट्टा नाही.

तिसरा, मडगार्डवर कोणालाही बसवू नका. लहान पोराला तर नाहीच. मला माहीत आहे, आपण सगळे तिथेच बसून मोठे झालो. मीही. वारा तिथेच सगळ्यात छान लागतो.

हे सगळं बोलू का, म्हणून परवा मी आपल्या मित्राच्या घरी वहिनींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "बोला ताई. त्यांच्या नावानं एकानं जरी बसवली तरी पुष्कळ झालं." त्या आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचा मुलगा यंदा दहावीला आहे, आपल्याच शाळेत. बाग आता तो बघतो, आणि ट्रॅक्टरही तोच चालवायला लागलाय.

जेवायला जायच्या आधी मी बाहेर दाराशी वही घेऊन उभी राहणार आहे. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी मॉडेल लिहून द्या. कुठली कमान बसते, ती दुमडते की नाही, हे शोधून कळवायचं काम माझं. पहिलं नाव मी लिहिलेलं आहे, वहिनींच्या ट्रॅक्टरचं. तुमच्या सगळ्यांकडून गृहपाठ तपासायला पुढच्या मेळाव्याला मी नक्की येणार.